तोफेचा गुरुवार

"मरायचं असेल तर घरी जाऊन मर! माझ्या टेबलावर कशाला मरतोस? चादर आजच धुतलीये!"

डॉक्टर ओरडत होते. टेबलावर आडवा पडलेला म्हातारा हात जोडून हसत होता, दारात ताटकळलेले पेशंट समाधानानं माना डोलवत होते, आणि मी, त्यांचा कंपाउंडर, आतल्या खोलीत मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता कपाळ बडवून घेत होतो. म्हाताऱ्याला झाला होता साधा खोकला. बिडी सोड म्हणून बजावलेलं, तर गडी खिशात बिडीबंडल घेऊनच छाती तपासायला आलेला.

आमच्या पारोळ्यात किल्ला आहे, पण तोफ होती ती दवाखान्यात. डॉक्टरांना सारं गाव तोफच म्हणायचं. त्यांनी 'तोंड उघड' म्हटलं की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकंही आ वासत. एकदा त्यांनी कुणाला तरी 'थांब!' म्हणून दरडावलं, तर रस्त्यावरून चाललेली धुळ्याची एसटी थांबली आणि चार माणसं उतरूनही गेली. खोटं वाटत असेल तर त्या चौघांना विचारा. त्यांतला एक अजून मला शिव्या देतो.

लोकांनी या आवाजाचं शास्त्र बसवलं होतं. तोफ धडाडली की आजार हलका. ज्याला 'गाढवा' म्हटलं तो चार दिवसांत वावरात. ज्याच्या सात पिढ्या काढल्या त्याला तर औषधाचीही गरज नाही. आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टर हळू आवाजात बोलले, त्याच्या नातेवाइकांना तारा करायला लागा. हे मात्र लोकांनी बरोबर हेरलं होतं. ज्याच्यापुढं इलाज संपला, त्याच्याशीच डॉक्टर हळू बोलत.

सुट्टी हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. "आजार काय कॅलेंडर बघून येतो का रे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग लोकही कशाला कॅलेंडर बघतील? मेहुणीच्या लग्नात अक्षता घेऊन उभे राहिले, तर शेजारच्यानं सदरा वर करून खरूज दाखवली. वडिलांच्या दहाव्याला घाटावर बसले, तर मंत्र म्हणता म्हणता भटजींनीच जीभ बाहेर काढली. आणि हे बघायचे! घाटावर, पिंडाच्या शेजारी, भटजीची जीभ! माझा सगळा संताप इथंच होता. दाखवणारा दाखवतो, पण बघणाऱ्यानं का बघावं?

मग एका उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. टेबलं भरली, बाकडी भरली, ओसरी भरली. सलाईनच्या बाटल्या आम्ही खिळ्याला टांगल्या, खुंट्यांना टांगल्या, शेवटी दारच्या कडुलिंबाला टांगल्या. डॉक्टर उभ्या उभ्या झोपत आणि त्या झोपेतही ओरडत. साथ गेली. आलेल्यांतले काही घरी परत गेलेच नाहीत. त्यानंतर तोफ थंडावली.

थंडावली म्हणजे डॉक्टर हळू बोलायला लागले. "बसा. काय होतंय?" असं, देवळात बोलावं तसं. काय हाहाकार उडाला म्हणून सांगू! नामदेवआबा पाठीवर बेंड झालं म्हणून आले. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "आबा, जपा." बस्स, एवढंच. आबा पांढरेफटक पडले. घरी जाऊन खाटेवर अंग टाकलं आणि म्हातारीला म्हणाले, "बठ्ठा पोऱ्हेसले बलाव. डॉक्टर माले गोड बोलना. आते काही खरं नही." दुपारपर्यंत सगळी पोरं गोळा झाली, वावर वाटलं गेलं, बैल वाटले गेले, म्हातारीनं कुंकवाकडं बघून हंबरडा फोडला. आठ दिवसांत बेंड फुटलं, आबा ठणठणीत झाले, पण पोरं वावर परत देईनात. आबा काठी घेऊन दवाखान्यात. "मन्हं वावर माघारी दे!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आबा, तुमचं बरोबर आहे." आबा मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, दुसरा कुठला तरी आजार निघाला.

हसू नका. मलाही हसू यायचं, तोवर एक पैलवान आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, म्हणाले, "श्वास घ्या." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. आमच्याकडचा पेशंट आज्ञाधारक. पैलवान लाल झाला, वांग्यासारखा जांभळा झाला, डोळे बाहेर आले, पण डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेला नाही. शेवटी मीच आतून धावत येऊन ओरडलो, "अरे सोड!" डॉक्टर दचकले. माझ्याकडं असे बघायला लागले, जणू आपण कुठं आहोत हे त्यांना मला विचारायचंय.

त्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला ओट्यावर बोलावलं. "गजानन, हे जेवत नाहीत. दवाखाना विकून निघून जातो म्हणतात. कुठं म्हटलं की बोलत नाहीत. मला भीती वाटते रे. धुळ्याला मनाचे डॉक्टर आलेत म्हणे. यांना ने."

नेतो म्हणणं सोपं. डॉक्टर म्हणाले, "तोफेला वेड लागलं म्हणून दवंडी पिटायचीय का?" मी आठवडाभर मागं लागलो, वहिनी रडल्या, तेव्हा कुठं तयार झाले. पण डॉक्टरच ते, सरळ वाटेनं कसे जातील? म्हणाले, "पेशंट तू. मी तुला घेऊन आलेला डॉक्टर. पाठ कर. झोप नाही, भूक नाही, माणूस दिसला की पळून जावंसं वाटतं."

आता मी घोरतो तेव्हा शेजारी भिंतीवर लाटणं आपटतात, आणि कळण्याच्या भाकरी मोजायला माझी बायको बोटं कमी पडतात म्हणते. पण कंपाउंडरला कोण विचारतं? एसटीत त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. नापास केलं.

धुळ्याचे ते मनाचे डॉक्टर म्हणजे काडीपैलवान. आणि आवाज इतका हळू, की पारोळ्याच्या शास्त्राप्रमाणं त्या खोलीतलं कुणीच वाचणार नव्हतं.

"काय होतं तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"झोप नाही."

"कधीपासून?"

मी आमच्या डॉक्टरांकडं बघितलं. "गॅस्ट्रोच्या साथीपासून," डॉक्टर म्हणाले.

"भूक?"

"अजिबात नाही," मी म्हणालो आणि स्टँडवर खाल्लेल्या शेवभाजीनं नेमका तेव्हाच ढेकर दिला.

"कामावर जावंसं वाटतं?"

"दवाखान्याच्या कडीला हात लावला की परत फिरावंसं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"रडू येतं?"

हे आमच्या पाठांतरात नव्हतं. मी पुन्हा डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर जमिनीकडं बघत म्हणाले, "हात धुताना येतं. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही."

आमची टाकी भर दुपारी रिकामी का होते, ते मला तेव्हा कळलं.

मनाच्या डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही बरे झालात. बाहेर जाऊन चहा घ्या."

मी बाहेर आलो, दार लागलं, चहाचा कप तोंडाला लावला, आणि आत तोफ धडाडली! कित्येक महिन्यांनी! बाहेरचे पेशंट बाकड्यावरून उडाले, चहा माझ्या सदऱ्यावर. "मी डॉक्टर आहे! डॉक्टर असलं रडगाणं घेऊन कुणाकडं जातो का? तुम्ही दिवसभर लोकांचं ऐकता, तुम्ही जाता का कुणाकडं? सांगा ना, जाता का?"

मी पिशवी उचलली. आता हे दाराला लाथ घालून बाहेर येणार, पहिली एसटी धरणार आणि दवाखाना विकणार. पलीकडच्याचा आवाज मुंगीलाही ऐकू जाईना. पण दार उघडलं नाही. पुष्कळ वेळ उघडलं नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा डोळे जास्वंदीसारखे लाल. म्हणाले, "चल. पुढच्या गुरुवारी यायचंय."

तेव्हापासून गुरुवारी दवाखाना बंद. लोकांनी ठरवलं, डॉक्टरांनी दत्ताचा उपास धरला. दारात नारळ यायला लागले, पेढे आले, एका भक्तानं पादुका आणून ठेवल्या. मी नारळ फोडत राहिलो, काय करू? बाकीच्या दिवशी तोफ पुन्हा सुरू झाली, पण लग्नात कुणी जीभ काढली की डॉक्टर म्हणत, "तोंड मिट. उद्या दवाखान्यात दाखव." पुढं कितीतरी वर्षं त्यांनी शिव्या दिल्या आणि माणसं बरी केली. आज ते नाहीत. आता मला खोकला झाला की तरणा डॉक्टर 'काका, काळजी घ्या' म्हणतो आणि मला आबांचं वावर आठवतं.

अशाच एका गुरुवारी धुळ्याहून परतताना मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, त्या पहिल्या दिवशी 'तुम्ही जाता का कुणाकडं' म्हणून तुम्ही एवढे कडाडलात. त्यांनी उत्तर काय दिलं हो?"

डॉक्टर शेंगा फोडत होते. टरफलं खिडकीबाहेर टाकून म्हणाले, "जातो म्हणाले. नाशिकला."