गिझर आज पडवीत गेला

भिसेगावकर मंडळी, आज घरी घडलं ते लिहिते.

सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या. आतूनही त्यांचं माझ्याशी बोलणं चालूच असतं. दूध आलं का, चहा ठेवला का. आज मधेच आवाज थांबला. गॅस गिझरची घरघर मात्र सुरूच.

"आई?" उत्तर नाही. मी दाराला खांद्याने धडका दिल्या. तिसऱ्या धडकेला कडी उखडली. आई भिंतीला टेकून पडलेल्या, डोळे अर्धवट मिटलेले. ओढतच अंगणात आणलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला.

ऑक्सिजन लावल्यावर त्या सावरल्या. डॉक्टर मला म्हणाले, "गिझरचा विषारी वायू आत कोंडला. आजच्या आज तो बाहेर बसवा."

दुपारी आईंना घरी आणलं. संध्याकाळी प्लंबरने गिझर मागच्या पडवीत लावला आणि गरम पाण्याची नळी आत घेतली. मग वर बघत म्हणाला, "वहिनी, बाथरूमच्या या खिडकीवर पत्रा कोणी ठोकला?"

पावसात मागच्या शेतातून साप आत आला होता, म्हणून तो ठोकलेला. मी खाली वाकून नळीचे तुकडे गोळा करू लागले.

खाटेवरून आईच म्हणाल्या, "मीच ठोकला रं. सापाचं भ्या वाटतं मला."

आईंना स्टुलावर चढता येत नाही. पत्रा मी ठोकला होता.

आता फोन ठेवून त्यांच्यापाशी जाऊन बसते. तोवर तुम्ही उठून तुमच्या बाथरूमची खिडकी बघून याल का?