दार खालच्या टोकाला

"तिकडे घरात नळ आहे, आई. नुसता फिरवला की पाणी."

"इथे पाण्याला काय तोटा? चहूबाजूंनी आहे की!" डांबरीण म्हणाली आणि छपरावर चढलेल्या हमालांकडे वळली. "अरे, खुंट्या मोडू नका. टोपलीत टाका."

होडीच्या फटीत ताग ठासून वर डांबर फासायचं, हा तिचा धंदा. कोपरापर्यंत हात काळे, म्हणून अख्खं बेट तिला डांबरीण म्हणायचं. नवराही म्हणायचा, होता तोवर. मुलगा पलीकडच्या काठावर गोदामात कामाला. दोन खोल्या घेतल्या होत्या त्यानं. आज मोठी नाव आणि दोन हमाल घेऊन आला होता. घर उतरवून फळ्या विकायच्या आणि आईला घेऊन जायचं.

उतरवायला तर हवंच होतं. परसातली जमीन पाण्यात गेली होती. नदी बेटाचं वरचं टोक खाते आणि खालच्या टोकाला वाळू आणून टाकते, हे वाडवडिलांपासूनचं. म्हणून इथल्या घरांना खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. सुटं करायचं, खाली नेऊन पुन्हा उभारायचं. डांबरीण नवरी होऊन ज्या घरात आली, त्या जागेवर आता मासे संसार करतात.

घर हलवताना दार पहिलं न्यायचं. खालच्या वाळूत ज्याचं दार उभं राहिलं, त्याचं घर सगळ्यांनी वाहायचं. मग भांडण असो की अबोला. पण हल्ली दारं खाली जाईनात, नावेत चढायला लागली. निम्मी घरं तशीच गेली. उरलेले आज दुरून बघत उभे होते. होड्यांच्या फटी बुजवणारीच गेली, तर गळक्या होड्यांवर बेट किती दिवस काढणार?

भिंती उतरल्या. हमालांनी नावेकडे न्यायला पहिली फळी उचलली, तशी डांबरिणीनं पदर खोचला, दार पाठीवर घेतलं आणि खालच्या टोकाकडे चालू लागली.

"आई, नाव इकडे आहे!"

"दिसतेय मला. आंधळी नाही झाले अजून."

"डोकं फिरलंय का तुझं? नदी तेही खाईल!"

"खाईल तेव्हा खाईल. तोवर मी तिथे जेवते."

हमाल फिदीफिदी हसले. दार जड, वाळू भुसभुशीत. ती एकदा गुडघ्यावर आली, दोनदा आली. मुलगा धरायला धावला, तशी फिसकारली, "खाली नेणार असशील तर धर. नाहीतर बाजूला हो."

त्यानं हात मागे घेतला.

तेवढ्यात मागून वजन हलकं झालं. शेळीवरून भांडून वर्षभर तोंड न बघणारी शेजारीण दाराचं दुसरं टोक धरून होती. "बघतेस काय भवाने, चल पुढे. माझे हात भरून आलेत."

"मग शेळीला बोलवायचंस."

"बोलवली असती, पण तुझ्यापेक्षा तिला अक्कल आहे."

दोघींनी दार वाळूत रोवून उभं केलं. मग बघणाऱ्यांना बघत राहता येईना. कुणी वासे उचलले, कुणी खुंट्यांची टोपली. एका कोळ्यानं हमालाच्या खांद्यावरची फळी सरळ काढून घेतली. नाव रिकामीच राहिली. मुलगा काठावर रागानं लाल होऊन उभा. "पुढच्या खेपेला कोण येणार तुला न्यायला?" तो ओरडला.

"न्यायला नको. भेटायला ये!"

खुंट्यांवर लाकडी मोगऱ्यांचे ठोके पडू लागले. खांब उभारण्यात डांबरिणीचा काही उपयोग नव्हता, आणि त्या कोळ्याची होडी सकाळपासून पालथी पडली होती. तिनं डांबराचा डबा चुलीवर ठेवला, तागाचा पिळा घेतला आणि पहिल्या फटीत ठासायला बसली.