आखाड्याकडे तोंड करून

"ढिला सोड गं हात, ढिला! आखडलेला हात मोडतो."

बांगड्या भरताना आमच्या गावची कासारीण अक्का असं म्हणायची आणि आपल्या हाताकडे बघायचीसुद्धा नाही. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं दाबून दाबून मऊ करायची, बांगडी सरकवायची, सगळं चाचपून. नजर आपल्या खांद्यावरून पार पलीकडे, आखाड्यात. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, की ज्याचे हात पोटासाठी राबतात आणि जीव भलतीकडेच असतो. आमच्याकडे ही होती.

आमचं गाव जनवाड्याच्या पलीकडं. नाव सांगत नाही. तिथल्या बायका अजून मला हळदीकुंकवाला बोलावतात, ते बंद व्हायला नको. तेव्हा संस्थानी राज्य होतं आणि आमचं गाव एका जहागिरीत होतं. मी गुलबर्ग्याला दिलेली. दर श्रावणात पंचमीला माहेरी यायची, रेल्वे बदलत बिदरपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं. चार दिवस लाह्या, तंबिटाचे लाडू, झोके. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कुस्त्यांचा फड. तो दिवस पुरुषांचा. आम्ही बायकांनी पुरण वाटायचं आणि लांबून हलगी ऐकायची.

बाईमाणसानं कुस्ती बघायची नाही, असा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तर मोडता येत नव्हता. अक्कानं त्यातून वाट काढली होती. करीच्या दिवशी लेकीबाळी देवळातून परतताना बांगड्या भरतात, तर ती आपली बांगड्यांची पाटी आखाड्याच्या बांधाला लावायची. स्वतः आखाड्याकडे तोंड करून बसायची आणि बायकांना आखाड्याकडे पाठ करून बसवायची. नियम कुणाचाच मोडत नव्हता. एकदा मी तिला विचारलं, "अक्का, तू कुस्ती बघतीस व्हय गं?"

"छे माय! मी कुठली बगायले? हितं सावली हाय, म्हून बसायले."

सावली? लिंबाचं झाड समोरच्या बांधावर होतं! ही बया वीस वर्षं उन्हात बसली आणि वीस वर्षं सावलीचं सांगत राहिली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पैलवान तर आखाड्यात उतरण्याआधी तिच्या बाजूला चोरून एकदा बघून घ्यायचे.

त्यांना तिचा धाकही असायचा. एकदा भर बाजारात तिनं एका नावाजलेल्या गड्याला अडवलं. "कामून रे, लग्नाच्या जेवणावळी सुटंना झाल्या का तुला? पोट बग की जरा! उद्या कोण उचलून आपटंल तवा मला तोंड दाखवायला येऊ नको." तो सहा फुटी गडी पंच्यानं पोट झाकत "न्हाई अक्का, चुकलं अक्का" करत गेला. तिचा नवरा दम्यानं घरात बसलेला, लेकरू नाही. संध्याकाळी त्याला औषधाचा काढा पाजताना ती दिवसभराच्या कुस्त्या सांगायची, हातवारे करून. तो खोकत खोकत हसायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पंचमीच्या जेवणाला आमच्या घरी दरवर्षी दुसरीच कुस्ती लागायची. अण्णा, माझा थोरला भाऊ, जहागिरीच्या कचेरीत कारकून. धाकटा खादी घालून हिंडणारा. पुरणाचं ताट पुढं आलं की संस्थान राहणार का हिंदुस्थानात जाणार, यावर दोघं तुटून पडायचे. अण्णा म्हणायचा, सरकारचं मीठ खातोस. धाकटा म्हणायचा, मीठ माझ्या बापानं पिकवलेल्या तुरीवर मिळतंय. आई रडवेली. एकदा अक्का ओसरीवर आम्हां बहिणींना बांगड्या भरत होती. ती तिथूनच ओरडली, "अरं, कवापासून नुसती खडाखडी चाललीया! पाठ कुणाची लागली, तेवढं सांगा की!" अण्णासुद्धा हसला. त्या वर्षी भांडण तिथंच संपलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. सांगताना माझीही लाज निघणार आहे. निघू दे.

त्या वर्षी शेवटची कुस्ती जहागीरदारांनी पोसलेल्या पैलवानाची होती. चांदीचं कडं इनाम लावलेलं. समोर चिंताकी गावचा एक गडी, कुणाच्या तरी शेतात सालानं राहणारा. जहागीरदारांचा पैलवान आमच्या गावात कधी हरला नव्हता. तो चांगला खेळायचा हे खरंच, पण हरायला लागला की पंच "बरोबरी" म्हणून सोडवायचे, हेही खरंच.

मी अक्कासमोर बसले होते, आखाड्याकडे पाठ करून. हिरव्या बांगड्या निम्म्या भरून झालेल्या. हलगी घाईला आली. एक बांगडी माझ्या हाताच्या हाडावर आली आणि अक्काचे हात थांबले. तशीच मधे अडकवून ती बसली. मी कळवळले, "अक्का, अगं!" तिला ऐकूच गेलं नाही. मग मी मान वळवली. वळवायची नसते, पण वळवली.

चिंताकीच्या गड्यानं त्याला खालून उचललं होतं. दोघं आमच्या बाजूच्या बांधाशी येऊन आदळले, आणि जहागीरदारांचा पैलवान पाठीवर होता. दोन्ही खांदे मातीत. आभाळाकडे तोंड. मी पाच हातांवरून पाहिलं. पंच पलीकडे होते, जहागिरीच्या कारभाऱ्याच्या खुर्चीजवळ. त्यांना दिसली ती वरच्या गड्याची पाठ.

"लागली!" अक्का उभी राहून किंचाळली. माझ्या हातावर बांगडी फुटली आणि रक्त आलं. "पाठ लागली! चीत हाय! चीत!"

पण तोवर खालचा उलटला होता, आणि कारभाऱ्यानं हात वर केला होता. बरोबरी.

लोक बिथरले. आखाड्याचे म्हातारे वस्ताद प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "मैंने देखा नहीं. ज्यानं पाहिलं त्यानं उद्या माती उचलावी." आमच्याकडे कुस्तीचा वाद पडला की साक्षीदार आखाड्यातली मूठभर माती हातात घेऊन बोलायचा. कोर्टात धडधडीत खोटं बोलणारी माणसं त्या मातीला भ्यायची. आमच्या बाजूच्या बांधावर शंभर पुरुष होते. सांजेपर्यंत त्या शंभरांतल्या कुणालाच काही दिसलेलं नव्हतं. कुणाच्या डोळ्यांत धूळ गेली होती, कुणी तंबाखू मळत होतं. वा रे मर्द!

घरी अण्णानं माझा हळद भरलेला हात पाहिला. "कुठं बसली होतीस?" मी सांगितलं. "तू काही पाहिलं नाहीस," तो म्हणाला. "माझी नोकरी आहे. तुझ्या सासरी कळलं तर काय म्हणतील?" मी होय म्हणून मान हलवली. ती मान मला अजून सलते.

सकाळी चावडीसमोर सगळं गाव. आम्ही बायका भिंतीकडेला, पदर ओढून. अक्का एकटी पुढं आली. वस्तादांनी तिच्या ओंजळीत माती घातली. कारभारी हसला. मोठा हुशार माणूस.

"बाई, तू काल धंदा करत होतीस. बरोबर?"

"व्हय."

"बांगडी भरताना नजर हातावर असते. मग आखाड्यातलं दिसलं कसं? का तू बांगड्या भरत नव्हतीस? कुस्ती बघायला बसली होतीस? बाईमाणूस असून? नीट सांग हां, हातात माती आहे."

सापळा मला लगेच कळला. बांगड्या भरत होते म्हटलं, तर साक्ष गेली. बघत होते म्हटलं, तर वीस वर्षांची ती बांधावरची जागा गेली. गाव जोवर बोलत नव्हतं, तोवरच ती जागा तिची होती. आणि त्या जागेवाचून अक्काला दुसरं होतं काय? मी मनात म्हणत होते, अक्का, गप्प बस. कुणाच्या कोण त्या चिंताकीच्या गड्यासाठी कशाला?

अक्कानं ओंजळीतल्या मातीकडे पाहिलं. मग मान वर केली.

"बगत व्हते," ती म्हणाली. "कालच न्हाई, वीस वर्सं बगायले. बांगड्या निमित्ताला. तिथं सावली बी न्हाई, सगळ्यास्नी ठावं हाय. कुस्ती आवडती मला. त्यात मी काय कुणाचं घर जाळलं? अन् ऐका साहेब, तुमच्या गड्याचे दोन्ही खांदे मातीला लागले. माझं आवडणं गुन्हा असंल तर मला सजा करा. त्याची पाठ लागली ती लागली."

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

कारभाऱ्याचा चेहरा बदलला. "तुझ्यासमोर कोण बसलं होतं? तिलाही विचारू."

माझ्या हाताला फडकं बांधलेलं. अण्णा चावडीच्या पायरीवर खाली मान घालून उभा. अक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ध्यानात न्हाई," ती म्हणाली. "पंचमीची गर्दी. कैक बायका येत्यात." हातात माती घेऊन ती एवढं एकच खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी बोलली.

मी भिंतीशी उभी राहिले. एक शब्द बोलले नाही.

वस्ताद म्हणाले, "बाईनं माती उचलली. चीत." पाटलांनी जमिनीकडे बघत मान डोलावली. चिंताकीच्या गड्याला कडं मिळालं. आणि त्याच दुपारी दवंडी फिरली, की यापुढं आखाड्याच्या बांधाला बांगड्यांची पाटी लावायची नाही, बाईमाणसानं तिकडं फिरकायचं नाही. तो गडी कडं घेऊन अक्काच्या पाया पडायला आला, तर ती त्याला म्हणाली, "डावी बाजू कच्ची हाय तुझी. आधी ती बग." बस, एवढंच.

पुढच्या वर्षी पंचमीला मी गेले तेव्हा अक्का अंथरुणाला खिळलेली होती. संधिवात. बोटं वाकडी झालेली, बांगड्या भरणं सुटलेलं. नवरा आता तिला काढा पाजत होता. करीच्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. लांबून हलगी आली. अक्कानं डोळे मिटले. "आता खडाखडी चाललीया," ती म्हणाली. मग लोकांचा आवाज उठला तशी म्हणाली, "उचलला बग. पर कोणी? कसा?" तिनं डोळे उघडले आणि त्यांत पाणी होतं. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "काईच कळंना गं हितनं," ती म्हणाली.

मला राग आला. कारभाऱ्याचा आला, त्या शंभर पुरुषांचा आला, अण्णाचा आला. सगळ्यांत जास्त माझा आला. मी उठले.

"कुठं निगालीस?" तिनं विचारलं.

"येते."

आखाड्यापाशी गेले तेव्हा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. बांधावरची ती जागा मोकळीच होती. तिथं कुणी बसलं नव्हतं. मी बसले. आखाड्याकडे तोंड करून. हातात पाटी नाही, फुलं नाहीत, लेकरू नाही, काही निमित्त म्हणून नाही. जहागिरीचा एक शिपाई लगबगीनं आला. अण्णाची बहीण म्हणून त्यानं अदबीनंच विचारलं, "ताई, कुणाला शोधायलाव का? हितं बायकांना मनाई हाय."

"कुणाला नाही. कुस्ती बघायला आले."

तो गोंधळून कारभाऱ्याच्या खुर्चीकडे बघायला लागला. कारभारी उठला होता. त्याच्या बाजूला अण्णा, पांढराफटक. वस्तादांनी हलगी थांबवली. एवढी माणसं आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मग मी उभी राहिले.

"गेल्या वर्षी तिच्यासमोर मी बसले होते," मी म्हणाले. "मीही पाहिलं होतं. दोन्ही खांदे लागले होते. माती द्या, उचलते."

वस्ताद आखाड्यातून चालत बांधापर्यंत आले. वाकून त्यांनी मूठभर माती घेतली आणि माझ्या ओंजळीत घातली. निकाल तर वर्षापूर्वीच लागला होता, माझ्या मातीनं त्यात काही बदलणार नव्हतं. तरी मी तेच शब्द पुन्हा म्हणाले, माती हातात धरून. वस्ताद "जी" म्हणाले आणि हलगीवाल्याला त्यांनी खूण केली.

कारभारी काही बोलला असेल. अण्णा त्यानंतर माझ्याशी बोलला नाही, तो थेट पुढं राज्य बदलेपर्यंत. पण तेव्हा माझं कुणाकडेच लक्ष नव्हतं. दोन गडी आखाड्यात उतरले होते. डाव्या अंगाला कोण, लंगोट कुठल्या रंगाचा, पहिला हात कुणी घातला, हे मी एकेक करून ध्यानात ठेवत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि घरी अक्का सगळं विचारणार होती.