वाटणीत आलेला अधिक महिना

दिगंबरभटाला मी तो लंगोटीत होता तेव्हापासून पाहिलंय, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. कोणाला खटकलं तर खटको. कसब्यात, नदीच्या अंगाला नारायणाचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या दारात मी फुलं आणि तुळस घेऊन बसते. पूजेची पाळी दिगंबराच्या घराण्याकडे. ज्याची पाळी, त्या दिवसांत देवापुढं येईल ते सगळं त्याचं: तांदूळ, नारळ, दक्षिणा. त्या घराला ना शेत, ना वतन. जे काय ते हे पाळीचे दिवस.

बाप गेला तेव्हा थोरला यज्ञेश्वर सहा पोरांचा धनी होता आणि दिगंबराचं नुकतंच लग्न झालेलं. वर्षाचे सहा महिने आपले, असं दिगंबर धरून चालला होता. मीही तेच धरलं होतं, अहो, कोणीही धरलं असतं! तेराव्यानंतर पंच बसले आणि बापाच्या हातचा कागद वाचला. चैत्र ते फाल्गुन, बाराही महिने यज्ञेश्वराचे. दिगंबराला अधिक महिना.

"अधिक? तो तर तीन वर्षांनी येतो!" दाराआडून शालू म्हणाली. शालू म्हणजे दिगंबराची बायको. पंचांपुढं बाईनं बोलायचं नसतं, पण ती बोलली.

"अधिकात सगळं पुणं देवळात लोटतं," एक पंच म्हणाले. "तेहतीस तेहतीस अनारशांची वाणं, दिवे, दक्षिणा. एका महिन्यात वर्षाचं येतं."

"आणि राहिलेली दोन वर्षं आम्ही वारा खायचा का?"

पंचांनी कागदाची घडी घातली. बापानं पोटच्या पोराच्या तोंडाला पानं पुसली होती, तीही सुवाच्य अक्षरात. वर त्या घराण्याचा जुना रिवाज असा, की पाळीतला एक दिवस जरी पूजेवाचून गेला तरी हक्क कायमचा दुसऱ्या भावाकडे. आणि गेला अधिक संपून जेमतेम दोन महिने झाले होते.

मी दिगंबराला म्हटलं, "अरे, सरकारात जा. भांड."

"बापाचं अक्षर आहे, सोजरबाई. त्याच्याशी काय भांडू?"

असा राग आला मला! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो लोकांच्या घरी पाणी भरायला लागलेला दिसला, मग काय बोलायचं? खोलीचं भाडं झेपेना, म्हणून शालूला त्यानं वाईला तिच्या भावाकडे पोचवलं आणि स्वतः देवळाच्या ओवरीत निजायला लागला. "अधिक झाला की खोली घेतो आणि तुला आणतो," असं तिला सांगून आला. तिकडे ती भावजयीचे टोमणे ऐकत दळण दळायची. इकडे हा खांद्याला घट्टे पाडून घेत महिने मोजायचा. सणाला वाईला जाऊन यायचा आणि आला की पुन्हा घागरी उचलायचा. अडीच वर्षं हे असंच चाललं.

तो अधिक भर उन्हाळ्यात आला, आणि नेमकी त्याच वेळी बातमी आली की मोगल पुण्यावर येतोय. निजामाच्या फौजेला आम्ही मोगलच म्हणायचो. दोन दिवसांत पेठा ओस पडायला लागल्या. कोणी सिंहगडाकडे गेलं, कोणी गावाकडे. यज्ञेश्वर पोरंबाळं गाडीत घालून निघाला. निघताना भावाला म्हणाला, "चल आमच्याबरोबर. कुलूप घाल देवळाला."

"आणि पाळी?"

त्यावर यज्ञेश्वरानं एक शब्द बोलायचा होता. पाळी मोडली तरी हक्क तुझाच, एवढाच. नाही बोलला. गाडी हाकली.

त्याच दिवशी वाईचा एक गाडीवान शालूचा निरोप घेऊन आला. माझ्यासमोर त्यानं सांगितला: खोली नको, महिना नको, तुम्ही या. दिगंबरानं हातातली पळी पुसून ताम्हनात ठेवली. मग म्हणाला, "तिला सांगा, हा महिना संपला की येतो. आत्ता पाळी मोडली तर जन्मभर तिला आणायला माझ्यापाशी काही राहणार नाही."

आठव्या दिवशी मीही निघाले. माहेर शिरवळचं, म्हणून कात्रजच्या घाटानं. सगळी माणसं पुण्यापासून लांब पळत होती आणि समोरून एक बाई एकटीच पुण्याकडे येत होती. जवळ आली तर शालू! पायांत काही नाही, पदर डोक्याला घट्ट बांधलेला.

"ते कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"देवळातच आहे. धडधाकट आहे," मी म्हणाले. "तू मागं फीर, पोरी." मी तिचा हात धरला.

"त्यांना घेऊनच फिरते," म्हणाली आणि तिनं हात सोडवून घेतला. माझ्या डोक्यावर गाठोडं होतं, मागची माणसं ढकलत होती. मी तिच्यामागं गेले नाही. मी भ्याले होते, दुसरं काही नाही. लोक म्हणतात, तुझा काय दोष. त्यांना काय जातंय म्हणायला!

अधिक संपला त्याच दिवशी परत आले तर आमची आळी जळून काळी पडलेली. देऊळ दगडी, ते उभं होतं. दिगंबरही होता. स्वारांनी समया, घंटा सगळं नेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर जखम होती. पण पूजा त्यानं एक दिवस चुकवली नव्हती. महिनाभरात देवापुढं तांदळाचा दाणा आला नाही.

मला बघून त्यानं पहिलं काय विचारावं? "सोजरबाई, वाईकडची काही खबर?"

शालू आलेली त्याला ठाऊकच नव्हती. मग मला सांगावं लागलं. घाटातलं सगळं सांगितलं, माझ्या हातून तिचा हात सुटला तेही. तो उठला आणि तसाच कात्रजच्या वाटेला लागला. घाट पालथा घातला, वाईला जाऊन आला, गावोगाव विचारलं. घाट उतरताना तिला पाहिलेले लोक भेटले. त्यापुढं तिला कोणी पाहिलं नाही.

पुढचा अधिक आला तेव्हा पुणं पुन्हा वसलं होतं. माणसांची नुसती रीघ! अनारशांच्या पराती ओवरीत मावेनात, दक्षिणेनं उपरणं भरलं. असा महिना त्या देवळानं पाहिला नव्हता. दिगंबर आल्यागेल्याला तीर्थ देत होता, आशीर्वाद देत होता. शेवटच्या दिवशी यज्ञेश्वर आला. भावाच्या तोंडाकडे त्याला बघवेना. खाली मान घालून म्हणाला, "बाबांचं चुकलं, दिगंबरा. माझंही चुकलं. वर्षातले सहा महिने तू घे. पंचांपुढं लिहून देतो."

दिगंबरानं देवळाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"आता घेऊन कोणाला आणू, दादा?" तो म्हणाला.