उपमुख्याध्यापक कुक यांची बालसाहित्यसेवा

कोरियातल्या आमच्या चुनछन शहरात मुलं कमी होत गेली, तसे बालसाहित्यिक वाढत गेले. एखादी शाळा बंद पडली, की तिथले एकदोन शिक्षक मुलांसाठी लिहायला लागतात. समोर बसलेली मुलं ऐकत नव्हती, न दिसणारी तरी ऐकतील, अशी आशा असावी. कुक ते-सप सर त्यांतलेच. प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापक होते. शाळेला कुलूप लागलं आणि सर लेखक झाले.

महिन्यातून एकदा आम्ही लेखक मंडळी नदीकाठच्या नूडल्सच्या खानावळीत, वरच्या मजल्यावर जमतो. विषय ठरलेला : आजच्या मुलांना काय हवं? ते विचारायला मूल मात्र कधी कुणी आणलं नाही. मुलं शाळेतून क्लासला आणि त्या क्लासमधून दुसऱ्या क्लासला जात असतात. त्यांना असल्या गोष्टींना वेळ कुठला? मी स्वतः बोलणाऱ्या मुळ्याच्या गोष्टी लिहिते, त्यामुळे दुसऱ्यांना हसायचा मला फारसा अधिकार नाही. तरी हसते.

कुक सरांच्या गोष्टीत एक गरीब मुलगा असे. तो पहाटे उठे, आजारी आईला पेज करून देई, सापडलेलं पाकीट परत करी आणि शेवटच्या पानावर त्याचा सत्कार होई. उपमुख्याध्यापकांच्या हस्ते. ही पुस्तकं सर लग्नांत वाटत, बाळांच्या पहिल्या वाढदिवसाला वाटत. एकदा तर मयताला आलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

एका हिवाळ्यात राजधानी सोलहून बांग यु-रिम नावाच्या संपादक बाई आमच्या चर्चेला आल्या. बाहेर नदी गोठलेली आणि बाईंच्या हातात बर्फ घातलेली कॉफी. सरांनी आपली नवी गोष्ट त्यांना आधीच पाठवली होती.

"सर, तुमचा हा मुलगा कधी खोटं बोलतो का हो?" बाईंनी विचारलं.

"छे! आदर्श मुलगा आहे तो."

"मग मला त्याची भीती वाटते."

सगळे हसले. सरांचे कान लाल झाले. "म्हणजे मी मुलांना चोऱ्यामाऱ्या शिकवू?"

"काहीच शिकवू नका, सर. जमेल?"

"मॅडम, पुस्तकं आया विकत घेतात. आयांना बोध लागतो."

"पहिलं पुस्तक आई घेते. दुसरं मागायला पोरगंच लागतं."

सर नूडल्स अर्धवट टाकून उठले. फुकटच्या जेवणावरून आमच्यातला कुणी असा उठल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढचं मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. सर खोलीचं दार लावून बसले आणि आतून त्यांचा आवाज यायचा, "कचरा हवाय ना? घ्या कचरा!" त्या रागात त्यांनी एक गोष्ट लिहिली. तिच्यातले उपमुख्याध्यापक सहलीच्या दिवशी मुलांच्या डब्यांतले किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, चोरून खातात. मुलं डब्यात चिकट काकवीची वडी ठेवतात. साहेब चावतात, कवळी वडीत रुतते आणि वडी कवळीसकट कुत्रं पळवतं. सगळी शाळा कुत्र्यामागे. बोध कुठेच नाही. बाई वाचतील आणि शरमेनं मान खाली घालतील, असा सरांचा हिशेब होता.

बाईंचा फोन आला. हसू आवरेना म्हणून त्यांना बोलताच येत नव्हतं. सरांना वाटलं, अपमान करतेय, म्हणून त्यांनी फोन आपटला. शेवटी बायकोनं परत लावून दिला. "अहो, छापतायत त्या. होय म्हणा आणि जेवायला या."

पुस्तक तुफान खपलं. आयांनी तक्रारी केल्या, आणि तक्रार करायला पुस्तक वाचावं लागतं म्हणून विकतही घेतलं. आमच्या मंडळातले मा आडनावाचे एक गृहस्थ मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितात. त्यांनी प्रेमानं अभिनंदन केलं, "वा, सर! आम्हाला नाही बुवा इतकं खाली उतरता येत." त्यांच्या पुढच्या कादंबरीत राजाच्या पदरी अचानक कुत्रं आलं.

मग नगर वाचनालयात सरांचा कार्यक्रम झाला. मीही गेले होते. सरांनी सूट घातला आणि 'परिश्रमाचे महत्त्व' या विषयावर सुरुवात केली. पोरं जांभया द्यायला लागली. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"आजोबा, ते साहेब तुम्हीच ना? दात काढून दाखवा ना!"

ग्रंथपाल बाईंचा चेहरा पांढरा पडला. सर तिच्याकडे बघत राहिले. तसं बघितलं की एकेकाळी वर्गच्या वर्ग थिजत असत. ती थिजली नाही. मग सरांनी पाठ फिरवली, खिशातून रुमाल काढला आणि वळले तेव्हा कवळी त्यांच्या हातात होती. पोरं किंचाळली, एकमेकांच्या अंगावर पडली. सर बोळक्या तोंडानं म्हणाले, "कुत्लं कुथे आहे?" त्यानंतर तासभर कुणी जागचं हललं नाही.

परतताना सर मला घरी सोडणार होते, पण गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवलीच नाही. "प्यो ताई, मी वर्गात शिरलो की पोरं गप्प व्हायची. मला इतकी वर्षं वाटत होतं, आदरानं." टोमणा मारायला याहून सोपी संधी मिळाली नसती. मला सुचला नाही.

ही नम्रता टिकली असती तर ते बालसाहित्यिक कसले? महिन्याभरात त्यांनी खानावळीत 'विनोदाचे शैक्षणिक मूल्य' यावर इतकं लांब भाषण केलं, की रस्सा गार झाला. दुसऱ्या पुस्तकात साहेबांना पश्चात्ताप होऊन ते सगळ्यांची माफी मागतात, असं प्रकरण घातलं. बांग बाईंनी ते कापलं. सरांनी परत घातलं. बाईंनी परत कापलं आणि म्हणाल्या, "सर, पोरांना माफी नकोय, डब्यांची चोरी हवीय." सर महिनाभर रुसले, मग साहेबांना नव्या शाळेत नेऊन पुन्हा चोरायला लावलं.

परवा आम्ही दोघं, सरांची गाडी बंद होती म्हणून बसनं, डोंगरातल्या एका शाळेत गेलो. पटावर मुलं जेमतेम मूठभर. मी माझा मुळा वाचला. एक मूल झोपलं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे हेव्यानं पाहिलं. सर आपलं वाचून झाल्यावर मुलांबरोबर कागदी चकत्या आपटून उलटवायचा खेळ खेळायला खाली बसले, हरले, आणि "पाय पुढे टाकलास तू!" म्हणून एका चिमुरडीशी असे भांडले, की आमची बस चुकली. थांब्यावर कुडकुडत उभं असताना माझा मुळा कंटाळवाणा का आहे, हे ते मला समजावून देत होते. तो कुणाचंच काही वाकडं करत नाही म्हणे. बरोबर होतं त्यांचं, आणि पुढची बस काही केल्या येत नव्हती.