सोडा एकदाची

लग्न होऊन मी देवळ्याहून नाशिकला आले तेव्हा सासरी तीन जण होते: नवरा, सासूबाई आणि मनी. मनी म्हणजे मांजर, पण हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मला बघायला आले त्या दिवशी सासूबाई घाईघाईने उठताना म्हणाल्या होत्या, "आमच्या मनीला फार वेळ एकटं ठेवता येत नाही हो, घाबरते." आम्हाला वाटलं, नणंद आहे आणि जरा हळवी आहे. माझ्या आईने तिच्यासाठी काचेच्या बांगड्याही बांधून दिल्या. मापाचा अंदाज नाही म्हणून दोन मापांच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा सातपूरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला, मी एका शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवायचे. आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता आणि त्याच्या प्रत्येक खिडकीला, गॅलरीला कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी ठोकलेली होती. नवीन आलेला भाडेकरू हमखास विचारायचा, अंडी मिळतील का. ही सगळी व्यवस्था मनीसाठी. डोळे उघडत नव्हते तेव्हा सासूबाईंनी तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं आणि त्यानंतर तिचा पाय एकदाही उंबऱ्याबाहेर पडलेला नव्हता.

"बाहेर कुत्री आहेत, ट्रक आहेत आणि ते बोके आहेत," सासूबाई म्हणायच्या. "बोक्यांची नजर चांगली नसते."

देवळ्याला आमच्याकडे मांजर पाळतात असं कोणी म्हणत नाही. मांजर असते. कांद्याच्या चाळीत असते, भुसा ठेवायच्या भुसाऱ्यात असते, धार काढायच्या वेळेला गोठ्यात असते, आणि उरलेला दिवस ती कुठे असते हे विचारायला कोणाला सवड नसते. त्यामुळे खिडकीच्या जाळीला नाक लावून चिमण्यांकडे बघत दात वाजवणारी मांजर मी पहिल्यांदाच पाहिली. मला तिची दया यायची. हे अगदी खरं आहे. पण त्याहून खरं हे की, गॅलरीत एक रेतीचं घमेलं होतं, ते मनीचं होतं, आणि नवी सून आल्यावर त्या घमेल्याचं खातं आपसूक तिच्याकडे आलं होतं. शाळेत जाण्याआधी ते उपसायचं, शेजारच्या बांधकामावरून नवी रेती मागून आणायची. तिथला मुकादम रोज विचारायचा, ताई, एवढं काय बांधताय. काय सांगणार, कपाळ.

तर मनीला बाहेर सोडावं, असं माझं ठाम मत बनलं. मी प्राणिमात्रांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलायचे, घमेल्याचं नाव काढत नसे. सासूबाईही काही कमी नव्हत्या. "तुझ्या माहेरी सोडत असतील," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे नाही सोडत." चार वर्षं रोज चहाला हाच विषय. सोडायची, नाही सोडायची, का नाही सोडायची, सोडून तर बघू. नवरा दोघींच्या मधे बसून बशीत चहा ओतायचा आणि पेपरात डोकं घालायचा. त्याच्या कानावर त्या काळात 'सोडणे' सोडून दुसरं क्रियापद पडलं नसेल.

सासूबाईंना नमवलं ते मी नाही, मनीनेच. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. मनी कपाटावर. घरात कोंडलेल्या मांजरीला अंगातली रग जिरवायला कपाटाशिवाय दुसरं काय असतं? खाली समोरच्या बिल्डिंगमधल्या एक मोठ्या मानाच्या काकू बसल्या होत्या, त्यांचा अंबाडा भलामोठा, वर मोगऱ्याचा गजरा, आणि तो बोलताना हलत होता. मनीने आयुष्यात चिमणी मारली नव्हती. तिने नेम धरला आणि उडी घेतली.

अंबाडा गंगावनाचा होता, हे त्या दिवशी कॉलनीला कळलं. मनी तो तोंडात धरून पलंगाखाली गेली आणि गुरगुरत बसली. काकू डोक्यावर पदर घेऊन तिळगूळ न घेताच निघाल्या. आम्ही सगळ्या बायका हसू दाबून नुसत्या थरथरत होतो. सासूबाई मात्र रडकुंडीला आल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरून कोणी असं उठून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती. सासूबाईंनी कपात चहा ओतला, सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "सोडा एकदाची. माझी ना नाही."

मी आनंदाने चपला घातल्या. मला कळलं ते एवढंच: आता दार उघडायचं, मनी अंगणात जाईल, जास्वंदीच्या बुंध्याशी स्वतःची सोय स्वतः बघेल. सासूबाईंनाही तेवढंच म्हणायचं होतं. पण आपल्याकडे या शब्दाची गंमत अशी की, कुत्रं सोडलं तर ते फिरून येतं, गाय सोडली तर ती चरून येते, आणि मांजर 'सोडली' म्हणजे पोत्यात घालून, परत वाट सापडणार नाही इतक्या लांब नेऊन सोडली. नवऱ्याने तोच अर्थ घेतला. घरातली रोजची कटकट मिटली म्हणून त्याला हायसं वाटलं असणार. त्याला त्या दिवशी हरसूलच्या बाजूला एका सोबत्याकडे तांदूळ आणायला जायचंच होतं. आई पूजेला बसलेली पाहून त्याने मनीला रेशनच्या जाड पिशवीत घातलं, चेन लावली, श्वासाला थोडी उघडी ठेवली, आणि मोटारसायकल काढली.

मी दुपारी घरी आले तर सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "त्यानं सकाळीच दार उघडलेलं दिसतंय. मी पूजेतून उठेपर्यंत गेलीसुद्धा."

"येईल हो भूक लागली की."

"येईल ना?"

आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून वाट पाहिली. सासूबाईंनी मला वाटीभर मुरमुरे दिले. पहिल्यांदाच त्यांच्या लहानपणाबद्दल काही काही सांगितलं. मला वाटलं, चला, चार वर्षांनी का होईना, गाडी रुळावर आली. संध्याकाळी नवरा आला. तांदळाचं पोतं खाली ठेवलं आणि परीक्षेत पास झाल्यासारखा म्हणाला, "आलो सोडून."

"कोणाला?" सासूबाई म्हणाल्या.

"मनीला. हरसूलला. बाजार होता, गर्दी होती, तिला करमेल."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाकडे नाही, माझ्याकडे. त्या बघण्यातच निकाल लागला. सुनांना हे वेगळं सांगायला नको. मुलगा चुकला की त्याच्या कानात कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, आणि ती कोणीतरी घरातच असते.

"मी दार उघडायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हरसूल त्याच्या डोक्यात कोणी घातलं?"

मी शपथा घेतल्या. नवरा म्हणाला, "अगं आई, तिचा काय संबंध," पण ते इतक्या पडेल आवाजात की, उलट माझ्यावरचा संशय पक्का झाला. तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून हरसूलला गेला. पण बाजार आठवड्याचा. मैदानात वाऱ्यावर उडणारे कागद आणि दोन शेळ्या, बाकी कोणी नाही. तो हात हलवत परत आला.

मग पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मीठ हवं असेल तर भिंतीला सांगायच्या, "मीठ कमी आहे." नवऱ्याला मात्र गरम पोळी, वर तूप. मनी ज्याने नेली त्याला तूप आणि मला भिंत. माझं डोकं फिरायचं. गॅलरीतलं घमेलं कोरडं पडलं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मांजर मिळाली नाही तर या घरात मी जन्मभर मांजर घालवलेली सून म्हणून राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाजाराच्या दिवशी, टाकलेल्या रजेच्या बदल्यात, नवऱ्याला सुट्टी सोडून पहिल्या शिफ्टला जावं लागलं. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "मी स्वतः जाणार आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सोबत यावं." आरोपीला जागा दाखवायला नेतात तशी मी निघाले. जुन्या सीबीएसवरून एसटी धरली. घाटात सासूबाईंना मळमळलं, मी आवळासुपारी पुढे केली, ती त्यांनी घेतली. पण बोलल्या नाहीत.

बाजार चांगलाच भरला होता. नवऱ्याने कागदावर नाही, पण तोंडी नकाशा दिला होता: वडाच्या पलीकडे, सुकी मासळी विकतात ती ओळ. आमच्या सासरी मासळीचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि बोंबलांच्या ढिगामधून चालू लागल्या. एकेका दुकानापुढे थांबून त्या पदराआडून म्हणायच्या, "मने, ए मने." बायका हसायच्या.

ओळीच्या शेवटी एका बाईच्या मागे, सुकटीच्या पोत्यावर, मनी पसरली होती. तिची मान जाड झाली होती. सासूबाईंचा आवाज ऐकून तिने एक डोळा उघडला, आणि मला सांगायला वाईट वाटतं, तो परत मिटला.

"ही आमची आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची व्हय?" बाई म्हणाली. "मंग सोडली कशाला? लय गुणाची हाय. बाजार उठला तशी माझ्यासंगंच घरी आली. दोन घुशी मारल्या तिनं."

"घुशी?" सासूबाईंनी पदर नाकावरून काढला. "आमच्या मनीनं?"

"तर काय. तो बाबा आला गाडीवरनं, पिशवीतनं काढली, मला बोलला, मावशी, हिला जरा मासळी घाला. मी बोलले, आरं सोडतो कशाला? तर बोलला, आई म्हनली सोडा एकदाची. बायकोला तर आजून ठावं पन नाय, बोलला. घरी गेल्यावं सांगतो, लय खूश व्हईल."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मासळीच्या तराजूकडे बघत होत्या.

त्या बाईने माझ्याकडे बोट केलं. "ही सून ना? मंग हिनंच भरवलं आसंल बघा त्याला. सुना आशाच."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाही. मी म्हटलं आणि त्यानं केलं. माझ्या मुलाला अक्कल नाही. हिच्यावर मी उगाच आळ घेतला."

चांगल्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या दोन दुकानांपर्यंत ऐकू गेलं असेल. मी पटकन खाली वाकले आणि मनीला पिशवीत भरायला लागले, कारण चेहरा कुठे न्यावा ते कळेना. मनीने मला कोपरापर्यंत ओरबाडलं. तिला यायचं नव्हतं, हे उघड होतं. मासळीवाल्या बाईने वाटेत खायला म्हणून मूठभर सुकट कागदात बांधून दिली, आणि सासूबाईंनी ती स्वतःच्या हाताने घेतली.

परतीच्या एसटीत वास सुटला. कंडक्टर म्हणाला, "मासळी कोणाची आहे?" सासूबाई पुढे बघत म्हणाल्या, "आमची." पिशवीत जिवंत मांजर आहे हे सांगण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं. घाट संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आता रोज सकाळी दार उघडत जाऊ. घुशी मारणारीला जाळी कशाला."

"बरं."

"आणि मी तिथं बोलले ते झालं. घरी त्याच्यासमोर परत नको काढूस. मन लहान आहे त्याचं."

बरं म्हणायची मला सवय होती. पण या वेळी ते तोंडातून निघेना. "नाही आई," मी म्हटलं. "त्याच्यासमोरच बोललात माझ्यावर. त्याच्यासमोरच सांगा."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला भीती वाटायला लागली की, मिळालेलंही हातचं घालवलं.

नवरा शिफ्टवरून येऊन दारातच उभा होता. सासूबाईंनी चपला काढायच्या आधी पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू चुकलास आणि मी चुकले. हिची काही चूक नव्हती. तुला ते तेव्हाच ठणकावून सांगता आलं असतं." तो काहीतरी पुटपुटला. "तिला सांग," सासूबाई म्हणाल्या, "मला नको."

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. चहा उतू जाऊन शेगडी विझली. बाहेर त्या दोघांना वास आला असणार, पण चहा वाया घालवला म्हणून मला कोणी एका शब्दाने बोललं नाही.