दोन नंबरांचा प्लॅन

चादरवाल्या मावशी दुकानात आल्या की माझं डोकं उठायचं. दर महिन्याच्या पाच तारखेला बिल भरायला यायच्या, तेही नेमक्या माझ्या जेवणाच्या वेळेला. समोरच्या हॉस्पिटलात धुवून आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या आणि वॉर्डावॉर्डात पाठवायच्या, हे त्यांचं काम. बोटांची सालं निघालेली, अंगाला साबणाचा वास. मी मोबाइलच्या दुकानात काउंटरवर. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, त्यात प्रत्येकाला तेच तेच समजवायचं: किती बोलता, नेट किती लागतं ते बघा आणि त्या मापाचा प्लॅन घ्या. एवढं साधं आहे, पण ऐकतंय कोण? लोक शेजाऱ्याने घेतला म्हणून तोच मागतात.

मावशींकडे बटणांचा फोन. नेट शून्य. दिवसाला दोन-तीन फोन यायचे, तेही वॉर्डातून, "चादरी कधी येणार" म्हणून. आणि प्लॅन कुठला, तर दोन नंबरांचा फॅमिली प्लॅन, ढीगभर नेटवाला. वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होते, "मावशी, छोटा घ्या, तुम्हाला हा कशाला हवाय?" त्या नुसतं हूं म्हणायच्या आणि विचारायच्या, "ते राहू दे. दुसऱ्या नंबरचं बघ ना, किती वापरलंय?"

मुख्य नंबर त्यांचा, म्हणून दुसऱ्या नंबरचा रोजचा वापर माझ्या स्क्रीनवर दिसायचा. काय बघितलं, कुणाशी बोललं ते नाही, नुसता नेटचा आकडा. मी जेवणाचा डबा बाजूला सारून वाचून दाखवायची.

"रविवारी भरपूर."

"सुट्टी असेल."

"अकरा ते तेरा तारखेला काहीच नाही."

मावशींचा चेहरा उतरायचा. "आणि चौदाला?"

"चौदाला आहे." मग त्या पिशवी उचलून कामावर जायच्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, "ज्याचा नंबर आहे त्यालाच विचारा की." त्या म्हणाल्या, "मुलीचा आहे. दोन वर्षं झाली, बोलत नाही." पोरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि मावशींनी नाही म्हटलं. शब्दाला शब्द वाढला, पोरगी गेली ती गेलीच. ऐकून माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर मी छोट्या प्लॅनचं नाव काढलं नाही.

परवा मात्र त्या मधल्याच तारखेला आल्या. फोन माझ्यापुढे धरला. "हे काय आलंय, वाच जरा."

मी वाचलं. दुसरा नंबर त्यांच्या प्लॅनमधून बाहेर पडून स्वतःचा वेगळा प्लॅन घेणार होता. मान्य असेल तर उत्तरात एक पाठवा, नसेल तर दोन. आजच्या आज.

मावशी स्टुलावर बसल्या. "म्हणजे मग तुला तिचं काही दिसणार नाही?"

"नाही दिसणार."

"आणि दोन पाठवलं तर?"

"तर ती तुमच्याच प्लॅनमध्ये राहील. आहे तसंच चालेल."

"तिला कळेल, मी नाही म्हटलं ते?"

"कळेल."

खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी दोनच पाठवावं. माझ्या जेवणाचं खोबरं झालं तरी चालेल, पण म्हातारीला महिन्यातून एकदा तो आकडा ऐकू दे. मी तसं बोललेसुद्धा. त्यांनी मान हलवली. "एकदा नाही म्हणून बघितलंय ना. आता पुन्हा नको." मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि एक पाठवलं. मला फोनला हातही लावू दिला नाही.

मग मी त्यांना छोटा प्लॅन लावून दिला. वर्षभर ज्याच्यासाठी भांडले तोच. अगदी त्यांच्या मापाचा, आणि लावताना माझाच जीव तुटत होता.

"तिचा नंबर तोच राहतो ना?" त्यांनी विचारलं.

"तोच राहतो."

"मी लावला तर वाजेल?"

"न वाजायला काय झालं? मावशी, तो तर दोन वर्षं वाजलाच असता. तुम्ही लावलात का नाही?"

"फोनचे पैसे मी भरत होते," त्या म्हणाल्या. "उचललाही असता तिने. पण आईचे उपकार आहेत म्हणून उचललाय की आईशी बोलायचंय म्हणून, ते मला कसं कळणार होतं?"

त्यांनी तिथे फोन लावला नाही. घड्याळ बघितलं, दुपारच्या चादरी आल्या असतील म्हणाल्या, आणि फोन हातातच धरून रस्ता ओलांडून गेल्या.